डोळे झाले, आता शाडूचं डोकं

जपानी चित्रकार-शिल्पकार योशितोमो नारांच्या धर्तीवर घेतलेल्या मुलीच्या चित्राचे डोळे एकदाचे जागेवर बसले. ओठांची रेष अजून खडूनेच काढलेली आहे. ती रंगात पक्की करायला हात धजत नाही, कारण कोपरा केसभर वर गेला तरी पोरगी हसायला लागते आणि सगळा रुसवाच संपतो.

मुलीच्या मागे गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) हात, त्यावर पॉलिश पेपर, मग पिवळट पांढरा, बस्स. नारांच्या मुलींमागे बहुतेक वेळा खोली नसते, खिडकी नसते, खेळणी नसतात. आपल्याकडे बालपणावर चित्र काढायचं म्हटलं की भोवरा, पतंग, पाटी यांची गर्दी होते. इथे तसलं काही नसताना लहानपण अंगावर येतं, कारण सगळा भार चेहऱ्यावर आहे.

डोळ्यांबद्दल जरा सविस्तर. नारांची २००० नंतरची चित्रं बघा. लांबून डोळा एका रंगाचा वाटतो, जवळ गेलं की त्यात पातळ थरांखाली बरेच रंग झिरपलेले दिसतात. मी तळाला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) दिला, त्यावर निळा, मग हिरवा, आणि सुकल्यावर खालच्या कडेला किंचित गुलाबी. ॲक्रिलिक पटकन सुकतं, त्यामुळे थर भराभर चढतात, पण कडा मऊ हव्या असतील तर ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ, पारदर्शक करणारं द्रावण) घालाच. नुसतं पाणी वाढवलं की रंगाची पकड जाते. दोन डोळ्यांतलं अंतर एका डोळ्याच्या रुंदीपेक्षा जास्त ठेवलंय. बुबुळात मोठा पांढराशुभ्र ठिपका मुद्दामच दिला नाही. तो दिला की चेहरा लगेच लाडात येतो. वरची पापणी जड आणि जवळजवळ सरळ.

गोंडसपणा हे माझ्या मते नारांचं आमिष आहे, विषय नव्हे. माणूस १९५९ साली उत्तर जपानमधल्या आओमोरी प्रांतातल्या हिरोसाकीत जन्मला. आईवडील दोघंही कामावर, घरी एकटं पोर, सोबतीला अमेरिकी लष्करी तळाच्या रेडिओवरची गाणी. पुढे १९८८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत गेले, तर तिथे भाषेची अडचण, म्हणजे पुन्हा तेच एकटेपण. २००० पर्यंत जर्मनीतच होते आणि या रागीट मुली तिथेच घडल्या. या मुलींच्या हातात कधी कधी सुऱ्या असतात, त्यांबद्दल नारांचं म्हणणं असं, की त्या खेळण्याएवढ्या आहेत. मोठ्या सुऱ्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांकडे असतात. ‘नाइफ बिहाइंड बॅक’मध्ये (२०००) तर सुरी दिसतच नाही, नुसता पाठीमागे गेलेला हात. हे चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात साडेएकोणीस कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं. किमतीचं जाऊ द्या, पण तो लपवलेला हात नीट बघा.

आता शिल्पाकडे. आओमोरी कला संग्रहालयातला साडेआठ मीटर उंचीचा पांढरा कुत्रा (२००५) तुम्ही फोटोत पाहिला असेलच. अर्धा जमिनीत गाडल्यासारखा, मान खाली. शेजारीच सान्नाई-मारुयामाचं प्राचीन वस्तीचं उत्खनन आहे, म्हणून तो तिथेच उकरून काढल्यासारखा वाटतो. मला मात्र जास्त ओढ आहे ती नंतरच्या डोक्यांची. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर नारांना चित्र काढवेना, तेव्हा ते आपल्या जुन्या विद्यापीठात जाऊन मातीच्या ढिगाशी नुसत्या हातांनी झटले. ती डोकी ब्राँझमध्ये ओतली, तीही बोटांचे ठसे तसेच ठेवून.

म्हणून शाडू भिजवून ठेवलाय. तारेच्या सांगाड्यावर सुतळी गुंडाळून झाली आहे, म्हणजे माती घसरणार नाही. कोरणी वापरायची नाही असं ठरवलंय. कपाळ आणि गाल अंगठ्याने दाबूनच काढायचे, रात्री ओलं फडकं आणि वर प्लास्टिक. डोळे उघडे ठेवू की मिटलेले, ते माती हातात आल्यावर बघू. साचा प्लास्टरचा घ्यावा की रबराचा, यावर मात्र घोडं अडलंय. नारळापेक्षा मोठं डोकं कुणी ओतलं असेल तर सांगा, विशेषतः कानामागची खोबण साच्यातून कशी सोडवलीत ते.