टेम, बेस आणि अप्पांचे कट्टे

नीटला दोनदा बसले, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. घरात कुणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. लातुरातली रिपीटरची खोली सोडली, गादी-बादली टेम्पोत टाकून औशाकडच्या आमच्या गावी आले आणि बी.ए.ला नाव घातलं. मानसशास्त्र काही आवडीनं घेतलं नाही. ‘त्यात पाठांतर कमी असतंय’ असं एका सीनियर मुलीनं सांगितलं होतं, एवढंच. नंतर ती भेटली तेव्हा मी तिला याबद्दल बोललेही.

सामान्य मानसशास्त्राच्या पहिल्या पेपरला वुंट, लाइपझिग, १८७९, पहिली प्रयोगशाळा, एवढं तोंडपाठ असलं की दोन मार्क कुठं जात नाहीत. अडचण होती शब्दांची. एका पुस्तकात डोळ्यावर उजेड पडणं म्हणजे ‘वेदन’ आणि तो उजेड ट्यूबलाइटचा आहे हे कळणं म्हणजे ‘संवेदन’. दुसऱ्या पुस्तकात पहिल्यालाच ‘संवेदना’ म्हटलेलं. एका कान्याच्या फरकानं अख्खं उत्तर उलटं. शेवटी मी वहीच्या समासात सेन्सेशन, पर्सेप्शन असं लिहून ठेवलं आणि सुटले. ‘अवधान’ म्हणजे अटेन्शन हे मात्र एकदाच वाचून बसलं, कारण आमची आजी ‘अवधान ठेवून चाल’ असं म्हणायची.

मज्जासंस्थेच्या धड्याला सगळा वर्ग कण्हत होता. मी दोन वर्षं घोटलेलं सगळं विसरून बसले होते, ॲक्सॉन कुठला नि डेंड्राइट कुठला हेही सांगता आलं नसतं. पण धडा उघडला आणि एका दुपारीत संपला. चला, तेवढं तरी कामी आलं, असं वाटलं. यात मोजण्यासारखं काही आहे हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकं लागली. आमची प्रयोगशाळा म्हणजे स्टाफरूमच्या मागची खोली आणि एक लोखंडी कपाट. आरशात बघून चांदणी गिरवायच्या यंत्राचा आरसा तडकलेला. शब्द एकेक करून दाखवणारा मेमरी ड्रम बंद. तो कधी चालू होता हे कॉलेजात कुणाच्याच स्मरणात नव्हतं. म्हणून मॅडमनी जुन्या लग्नपत्रिका गोळा करायला लावल्या. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून आम्ही कार्डं केली आणि त्यावर निरर्थक शब्दावयव लिहिले. एकीनं प्रयोगकर्ता व्हायचं, दुसरीनं प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दर दोन सेकंदाला एक कार्ड.

यादी मागच्या बॅचच्या जर्नलातून आलेली, त्या बॅचनं तिच्या मागच्यांची उतरवलेली. बारा अवयव: ढुग, मिझ, खेफ असले. पाचव्या कार्डाला माझी जोडीदारीण फस्सकन हसली.

“मॅडम, ‘टेम’ निरर्थक कसा? आमच्यात टेम म्हणजे टाइम.”

मॅडमनी कार्ड हातात घेतलं. “अगं हो की.”

पुढं ‘बेस’ निघाला. बेस म्हणजे छान, हे सांगायला नकोच. वर्गातल्या सगळ्यांच्या उत्तरपत्रिका बघितल्या तर टेम आणि बेस जवळजवळ प्रत्येकीला आठवलेले आणि ढुगला कुणी वाली नाही. यादी बदलायची की नाही यावर थोडी चर्चा झाली. मॅडम म्हणाल्या, असू द्या, निष्कर्षात लिहा. अर्थ चिकटला की आठवण चिकटते, हे मला पुस्तकातल्या दीड पानापेक्षा त्या दोन कार्डांनी जास्त नीट सांगितलं. (पुढं नवीन यादी केली तेव्हा ‘येळ’ येऊ नये याची आम्ही काळजी घेतली.)

हे शब्दावयव वापरायची कल्पना हर्मान एबिंगहॉस या जर्मन माणसाची. त्याचं स्मृतीवरचं पुस्तक १८८५ सालचं. प्रयोगकर्ता तोच, प्रयुक्तही तोच. सुमारे २,३०० अवयव बनवून तो एकटा बसून पाठ करायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायचा. हे वाचून मला पहिल्यांदा एखाद्या शास्त्रज्ञाची कीव आली. रिपीटर बॅचमध्ये आम्ही निदान चाळीस जणी तरी होतो.

त्याचा विस्मरणाचा आलेख प्रत्येक गाईडमध्ये असतो: वीस मिनिटांनी ५८ टक्के, तासाभरानं ४४, एका दिवसानं ३४, महिन्यानं २१. सुरुवातीला धाडकन खाली, मग जवळजवळ सपाट. मी तो आलेख इतक्यांदा काढला होता की डोळे मिटून काढला असता.

आम्हीही तसंच केलं. बारा अवयवांची यादी बिनचूक म्हणायला मला १४ आवर्तनं लागली. दुसऱ्या दिवशी आधी न बघता आठवायला सांगितलं, तर तीनच आले. मग तीच यादी पुन्हा पाठ केली, या वेळी ९ आवर्तनांत झाली. चौदातून नऊ गेले पाच, भागिले चौदा, गुणिले शंभर: बचत ३६ टक्के. जर्नलात आकडे भरले, लाल पेनानं चौकट केली आणि विसरले.

स्ट्रूपच्या प्रयोगात (१९३५) ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईनं लिहिलेला असतो आणि तुम्ही शाईचा रंग सांगायचा. मी तो घरी चुलतभावाच्या दोन पोरांवर करून बघितला. दहावीतला अडखळत, डोकं खाजवत राहिला. बालवाडीतल्या धाकट्यानं लाल-निळा-हिरवा असं धडाधड सांगून टाकलं, कारण त्याला अजून वाचताच येत नाही. धाकट्यानं आठवडाभर थोरल्याला जगू दिलं नाही.

आता अप्पांचं. अप्पा लातूरच्या आडत बाजारात मापाडी आहेत. कट्टा, म्हणजे मालाचं पोतं, काट्यावर चढला की वजन मोठ्यानं पुकारायचं, मुनीम लिहून घेतो. मोजताना ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक वाढते, तेव्हा ते रात्री नऊशिवाय घरी येत नाहीत.

स्मृतिकक्षेच्या, म्हणजे एका दमात किती लक्षात राहतं याच्या, प्रयोगाला घरचा एक प्रयुक्त हवा होता. माणसाला एका वेळी सात अधिक-उणे दोन गोष्टी धरता येतात, हे जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ साली मांडलेलं तपासायचं होतं. जेवण झाल्यावर अप्पांना बाजेवर बसवलं.

“अप्पा, मी आकडे म्हणते, तुम्ही तसेच म्हणायचे. सेकंदाला एक.”

सहा आकड्यांपर्यंत नीट गेलं. सातव्याला दोनदा चुकले आणि चिडले. “दिवसभर आकडेच करतोय मी. रातीबी तेच?”

मग मला सुचलं ते केलं. आकडे सुटे न म्हणता वजनासारखे म्हटले: “बावन्न, अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, एकोणपन्नास, त्रेपन्न, पन्नास.” बारा अंक. अप्पांनी ते तसेच्या तसे म्हटले आणि वर न थांबता म्हणाले, “तीन क्विंटल तीन किलो.”

मी कागदावर बेरीज केली. बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी उड्या मारत मॅडमकडे. मिलर म्हणतो तेच, सुटे अंक नाही, गठ्ठे मोजायचे! मॅडमनी पान वाचलं आणि म्हणाल्या, “छान. पण सगळी वजनं पन्नाशीच्या आसपास. म्हणजे निम्मं उत्तर त्यांना आधीच माहीत. हे आकडे यादृच्छिक कुठं राहिले?”

तोंड पाडून घरी आले. रात्री पुन्हा बाज, पुन्हा अप्पा. या वेळी सतरा, त्र्याऐंशी, शहाण्णव, बारा, पासष्ट, अडतीस. अप्पा चौथ्यापाशीच अडकले.

“असले कट्टे असत्यात का कुठं? कुणाचा माल हाय हा?”

पुढं वाचलं की नेल्सन कोवॅननं २००१ साली लिहिलंय, पाठीशी कसला आधार नसेल तर गठ्ठे जेमतेम चारच धरता येतात. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण अप्पा चौथ्यापाशी थांबले होते हे खरं. मॅडम म्हणाल्या, चुकीसकट जर्नलला पुरवणी लाव.

प्रात्यक्षिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक नांदेडहून आले होते. पंख्याखाली एकेकीला बसवून विचारत होते. माझ्या वाट्याला एबिंगहॉस आला तेव्हा मनातून खूश झाले.

“एका दिवसानंतर ३४ टक्के. म्हणजे काय?”

“म्हणजे एका दिवसानं ३४ टक्के लक्षात राहतं, ६६ टक्के विसरतो, सर.”

गाईडमध्ये शब्दशः हेच आहे. सरांनी काही न बोलता माझंच जर्नल माझ्याकडे फिरवलं आणि लाल चौकटीवर बोट ठेवलं.

“दुसऱ्या दिवशी किती आठवले?”

“तीन.”

“बारापैकी तीन म्हणजे?”

“पंचवीस टक्के.”

“मग हे छत्तीस कशाचे?”

मी बघत राहिले. आकडे माझेच, अक्षर माझंच. छत्तीस आठवण्याचे नव्हतेच. पुन्हा पाठ करताना वाचलेल्या कष्टाचे होते. जे नऊ अवयव मला आठवले नव्हते, त्यांनीही कुठंतरी काम हलकं केलं होतं. मला एकदम ती मज्जासंस्थेची दुपार आठवली, पण ते तोंडी परीक्षेत सांगायचं नसतं.

“बचतीचे, सर. आवर्तनं वाचली त्याचे.”

“मग गाईड कशाला वाचता?” सर म्हणाले आणि पानं उलटत पुरवणीपाशी आले. बराच वेळ वाचलं. ‘असले कट्टे असत्यात का’ हे मी अंतर्निरीक्षण अहवालात (प्रयुक्ताला काय वाटलं ते त्यात लिहायचं) जसंच्या तसं लिहिलं होतं. तिथं त्यांची मिशी हलली.

“प्रयुक्त कोण?”

“माझे अप्पा. मापाडी आहेत.”

“ही बेरीज त्यांनी तोंडी केली?”

“हो सर.”

सरांनी खिशातून मोबाईल काढला, सहाही वजनं एकेक करून दाबली, ३०३ आले ते बघितलं आणि सही केली.