आमची वाटचाल : लेथ कोणाचा?

आमच्या वर्कशॉपची पहिली नऊ वर्षे डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापण्याचे व घडवण्याचे साचे, करण्यात गेली. कामे वेळेवर जात होती, देणी भागत होती, त्यामुळे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. दहाव्या वर्षी एका सकाळी माझ्या भागीदाराने लेथच्या, म्हणजे धातू गोल फिरवून कातण्याच्या यंत्राच्या, चकवरची चिंधी उचलून हात पुसले आणि ‘मी बाहेर पडतो, लेथ माझा आहे,’ एवढेच सांगितले.

लेथ त्यानेच आणला होता, हे मी कधीही नाकारले नाही. हेडस्टॉकजवळ, म्हणजे काम फिरवणाऱ्या टोकाजवळ, त्याचा बेड (खालचा पाया) किंचित झिजलेला होता, लांब शाफ्ट घेताना टेपर येई, म्हणजे तो एका टोकाला बारीक होई, आणि टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, किती सरकवला म्हणजे तो निघतो हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते. मात्र भागीदारीपत्रात तो लेथ त्याच्या भांडवलात धरलेला होता, त्याचा घसारा (वापरामुळे घटणारी किंमत) दरवर्षी फर्मच्या वहीत पडत होता, आणि 1932 च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, अशी मालमत्ता फर्मचीच ठरते. त्याला हे पटले नाही. त्याच्या पत्रावरून बँकेने खाते गोठवले, आणि फर्म बंद झाल्याचे त्याने गिऱ्हाइकांना परस्पर कळवले; पहिली गोष्ट मी समजू शकतो, दुसरी आजही नाही.

पंपांचे भाग बनवणारे आमचे एक जुने गिऱ्हाईक त्या काळात पाठीशी उभे राहिले नसते, तर शटर कायमचे उतरले असते. त्यांनी पोलाद स्वतः पाठवले आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला चुकती केली.

अखेर दोघांना मान्य असलेल्या सनदी लेखापालाने निवृत्तीच्या तारखेचा ताळेबंद केला, यंत्रे वहीतल्या आकड्याने न धरता बाजारभावाने धरली, आणि लेथ फर्मकडे राहिला. फर्मच्या नावलौकिकाच्या (गुडविलच्या) किमतीवर मात्र तीन बैठका वाया गेल्या. हिशेब लांबल्यास त्याच अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे बाहेर पडलेल्याला नफ्यातला वाटा किंवा द.सा.द.शे. 6 व्याज, यांपैकी हवे ते मागता येते, हे कळल्यावर घाई मला सुटली.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो : भागीदारीपत्रात बाहेर पडण्याचे कलम आधी लिहा, आणि भागीदार गेल्यावर फर्मची नोंद ठेवणाऱ्या निबंधकांना कळवून राजपत्रात व वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या, कारण तोवर त्याने फर्मच्या नावावर केलेला व्यवहार तुमच्याही अंगावर येऊ शकतो.

शेवटचा धनादेश घ्यायला तो आला, तेव्हा लेथ चालू होता. त्याने क्षणभर आवाज ऐकला, पावतीवर सही करायला माझे पेन मागितले, आणि ते खिशाला लावून निघून गेला.