फौजदाराच्या घरातला हवालदार

गावी आमच्या घराला आजही ‘फौजदाराचं घर’ म्हणतात. जुनं घर पाडून तिथं चुलत्यांनी स्लॅबचं बांधलंय, फौजदार जाऊन साठ वर्षं होऊन गेली, तरी लाइटबिल वाटणारा पोरगासुद्धा तेच म्हणतो. हे फौजदार म्हणजे माझे पणजोबा. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

त्यांच्याबद्दल घरात दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. एक, ते सातारा जिल्ह्यात फौजदार होते. दुसरी, बेचाळीसच्या धामधुमीत त्यांनी रात्री एका भूमिगताला वाट करून दिली आणि त्यापायी साहेबानं त्यांच्या फिती उतरवल्या. ही दुसरी गोष्ट सांगताना माझ्या वडिलांचा आवाज बदलायचा. सातारा म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा मुलूख. आमच्या पंचक्रोशीत ज्याच्या त्याच्या घरी कुणी ना कुणी चळवळीतलं होतं आणि आमच्या घरचा कर्ता माणूस मात्र इंग्रजांच्या पोलिसात. त्या घराला अशा गोष्टीचा आधार लागतो. वडील गेले, आणि मला वाटायला लागलं की ही गोष्ट एकदा कागदावर बघावी. त्याला तीन वर्षं लागली.

पहिलं वर्ष मी वायाच घालवलं. आबा फौजदार, तेव्हा त्यांचं नाव सरकारी याद्यांत असणार असं धरून मी मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटं आणि सिव्हिल लिस्ट चाळत बसले. त्या याद्या गॅझेटेड अधिकाऱ्यांच्या असतात. कोण कुठं नेमला, कुणाची बदली, कुणाला किती रजा, सगळं छापील. शिपाई-हवालदारांची तिथं मोजदाद होते, नावं येत नाहीत.

मग एका रविवारी मी आबांचा फोटो भिंतीवरून उतरवून स्कॅन केला. पट्ट्यावरचा बक्कल नंबर दिसतोय का, एवढंच बघायचं होतं. आबा खुर्चीत बसलेत, हात गुडघ्यांवर, अर्धी विजार, पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या. बक्कल नंबर अर्धवट लागला. पण नजर बाहीवर गेली आणि मी थांबले. तीन फिती. फौजदाराच्या खांद्यावर तारे असतात, फिती हवालदाराच्या. ‘फिती उतरवल्या’ असं आम्हीच पिढ्यान्‌पिढ्या सांगत होतो आणि फौजदाराला फिती नसतातच, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. फोटो चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता.

ज्यांच्या घरात असा पोलीस होऊन गेला, त्यांच्यासाठी एक सांगते. नुसत्या बक्कल नंबरावर माणूस सापडत नाही. नंबर जिल्ह्यापुरता असतो. बदली झाली की नवा मिळतो, आणि माणूस निघून गेला की त्याचा नंबर दुसऱ्याच्या पट्ट्यावर चढतो. जिल्हा आणि साल हाताशी असेल तरच त्याला अर्थ. घरात नेमणुकीचा दाखला का नाही म्हणून मी आत्याच्या मागे लागले होते, त्याचंही उत्तर नंतर कळलं. पोलिसाला भरतीच्या वेळी सनद मिळते, पण नोकरी संपली की ती परत द्यावी लागते. जुन्या पोलीस कायद्यांपासून हेच चालत आलंय. तेव्हा कागद हरवला म्हणून कुणाला बोल लावू नका.

आणि जिल्हा म्हणाल तर तोही आजचा नव्हे. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके आबांच्या वेळी साताऱ्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. कुणाचे पणजोबा बेळगाव, धारवाड, विजापूरला नोकरीत असतील तर तो मुलूख १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. मी पहिला माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्याच जिल्ह्यात टाकला होता. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, जोडपत्र ‘अ’, तीस दिवस. दुसरा अर्ज योग्य ठिकाणी गेला आणि तिथून दोन ओळींचं उत्तर आलं, की सदर अभिलेख मुदतबाह्य असल्याने नष्ट करण्यात आला आहे. आपल्या कार्यालयांत कागदाची वर्गवारी असते. ‘अ’ वर्गाचा कायम राहतो, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्ष. हवालदाराच्या नोकरीचा कागद सत्तर-ऐंशी वर्षं कुणी कशाला सांभाळेल? मला ते पटत होतं, आणि तरी ते उत्तर हातात धरून मी संध्याकाळभर बसले होते.

पुढचा रस्ता दाखवला तो मोडीच्या वर्गातल्या एका निवृत्त कारकुनांनी. (मोडी मी या शोधासाठीच शिकायला घेतली होती.) ते म्हणाले, “ताई, ज्याची नोकरी सरळ झाली तो दप्तरात सापडत नाही. ज्यानं अर्ज केला तो सापडतो. तुमच्या आबांच्या फिती उतरल्या असतील तर त्यांनी गप्प बसून घेतलं का? ते बघा.”

म्हणजे अपील. डी.एस.पी.नं, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखानं, शिक्षा दिली की त्याच्या वरच्या डी.आय.जी.कडे, तिथं दाद लागली नाही की वर सरकारपर्यंत अर्ज. सरकारपर्यंत गेलेला अर्ज गृहखात्याच्या फायलीत असणार, आणि त्या जुन्या फायली मुंबईला पुराभिलेखागारात आहेत, काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. हे दप्तरखानं १८२१ मध्ये सुरू झालं. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे जायला मिळायचं ते रजा टाकूनच. पहाटेच्या गाडीनं निघायचं, दिवसभर सूची बघायच्या, चिठ्ठी भरून द्यायची, रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, येईपर्यंत वाट बघायची, संध्याकाळी परत. अशा सहा खेपा झाल्या. तिथल्या शिपाईमामांना चौथ्या खेपेपासून मी काय शोधतेय ते पाठ झालं होतं.

सहाव्या खेपेला १९४४ च्या एका फायलीत आबा सापडले.

पातळ फाईल, कडा बिस्किटासारख्या. पान उलटलं की टेबलावर तपकिरी चुरा पडायचा. आत तीन गोष्टी होत्या. खात्याचा इंग्रजी शेरा, सेवापटाची टाइप केलेली नक्कल आणि आबांचा मोडी अर्ज.

सेवापट म्हणजे सर्व्हिस रोल. जुन्या नियमांप्रमाणे हेड कॉन्स्टेबल आणि त्याखालच्या पोलिसाचा तो ठेवायचा, त्यावरच्या हुद्द्यांना सेवापुस्तक. तेव्हा कागदाचं नाव वाचूनच कळलं, की आबा हवालदाराच्या पुढे गेले नव्हते. त्यात काय लिहायचं हेही ठरलेलं असायचं. जात, गाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, बढत्या, शिक्षा, रजा, बिनरजेची गैरहजेरी. आबांची उंची पाच फूट साडेसहा इंच. डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. भरती १९२४, वय अंदाजे वीस. आमच्या घरात आबांचं जन्मसाल कुणालाच ठाऊक नव्हतं, ते एका कारकुनाच्या अंदाजातून मिळालं. लिहिण्या-वाचण्याच्या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द होता, निरक्षर.

रकाने उतरवून घेताना माझा हात एका ठिकाणी थबकला, ते आता सांगूनच टाकते. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. माणसं मेली. त्या बंदुकांमागे सातारा जिल्ह्याचेच पोलीस, आणि त्यात आबा होते का, हा प्रश्न मी घरात कधी उच्चारला नव्हता. पण मी आर्काइव्हजला जात होते ते बऱ्याच अंशी त्याच्यासाठी. सेवापटाप्रमाणे त्या महिन्यात ते वाई ठाण्यात होते. मला सुटल्यासारखं वाटलं. मग लगेच आठवलं, की तिथं कुणाचे तरी आबा होतेच. त्यांच्या नाती-पणत्या हाच रकाना शोधत आल्या तर त्यांना काय सापडेल?

शिक्षेची नोंद ऑक्टोबर १९४३ ची. त्या दिवसांत चळवळीतली माणसं रात्री तारा तोडायची, आणि पुणे-मिरज रेल्वेच्या कडेनं तारेवर पहारे लावलेले असायचे. अशाच एका पहाऱ्यावर आबा मुख्य होते. पहाटे तपासणीला अधिकारी आला तेव्हा आबा जागेवर नव्हते, आणि मैलभरात तार तुटलेली होती. हवालदारावरून एका वर्षासाठी शिपाई. फिती उतरल्या, एवढं खरं.

अर्ज वाचायला मला पाच आठवडे लागले. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. अर्जनवीसाचा हात पळता होता. त्यात आबांचं म्हणणं असं, की त्या रात्री हिवताप भरला, दातावर दात बसेना, जवळच्या धनगराच्या पालात घोंगडं मागून पडलो. तार कुणी तोडली पाहिलं नाही. वीस वर्षांच्या चाकरीत याआधी एकदाच दंड झाला, घरी खाणारी तोंडं सात, मेहेरबानी होऊन फिती परत मिळाव्यात. भूमिगताचा, चळवळीचा एक शब्द नाही.

खात्यानं शेवटी शेरा मारला, की सरकारला हस्तक्षेप करण्याचं कारण दिसत नाही.

आता मी काय म्हणू? नोकरी वाचवायला अर्ज करणारा पोलीस ‘मी मुद्दाम डोळेझाक केली’ असं लिहून देणार नाही, हे मलाही कळतं. आणि ऑक्टोबरात, पावसाळा सरतासरता, हिवताप येणंही तितकंच खरं असू शकतं. भाऊ म्हणतो, गोष्ट सिद्ध झाली, आबांनी मुद्दामच पाल गाठलं. मला तसं म्हणवत नाही. ज्यांनी घरदार सोडून रानात रात्री काढल्या, त्यांच्या रांगेत आबांना मी माझ्या हातानं बसवणार नाही. ते थंडीनं कुडकुडत असतील तर त्या कुडकुडण्यालाही माझ्याकडे जागा हवी. मी वंशावळीच्या वहीत कागदावर जे आहे तेच लिहिलंय, आणि त्याखाली ‘घरात असे सांगतात’ म्हणून वडिलांची गोष्ट, त्यांच्याच शब्दांत.

पण त्या अर्जाच्या तळाशी जे होतं, त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

अडाणी माणसाच्या अर्जाखाली अर्जनवीस अंगठा उठवून घेतो आणि शेजारी लिहितो, निशाणी डाव्या हाताचा आंगठा. मी तेच असणार म्हणून नजर खाली नेली. तिथं अंगठा नव्हता. मोडी संपली होती आणि खाली बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, सुटी सुटी, थोरली अक्षरं होती. आबांचं नाव, वडिलांचं नाव. आडनाव लिहायला जागा पुरली नव्हती, म्हणून शेवटचं अक्षर खाली घसरलेलं. एका अक्षराची शिरोरेघ दोनदा ओढलेली. आणि बाजूला अर्जनवीसाच्या पळत्या हातानं शब्द, दस्तुरखुद्द.

१९२४ ला निरक्षर. १९४४ ला दस्तुरखुद्द.

त्या पानाची प्रत घेऊन मी आत्याकडे गेले. आत्या पंच्याहत्तरीची आहे, वडिलांची थोरली बहीण. आधी फौजदारीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, “हवालदार तर हवालदार. लोक म्हणायचे, आबा काय पाटी लावून हिंडत न्हवते.” मग सहीचं पान पुढं केलं. हे नाव आबांनी स्वतः लिहिलंय म्हटल्यावर तिनं ते खिडकीपाशी उजेडात नेलं. बराच वेळ काही बोलली नाही.

“दादा सांगायचे,” ती म्हणाली. दादा म्हणजे माझे आजोबा, आबांचा थोरला मुलगा. त्यांचं बालपण पोलीस लायनीत गेलं. “दादा पहिलीत असताना रोज मास्तरांचा मार खायचे. रात्री पाटीवर घरचा अभ्यास लिहून ठेवायचा आन् सकाळी बघावं तर पाटी पुसल्याली. आईला विचारलं तर ती गप. मग एकदा रात्री जाग आली तर आबा ड्युटीवरनं येऊन कंदिलापाशी बसल्याले, पट्टा बी काढला न्हवता. दादांचीच पाटी मांडीवर.”

आत्यानं पान परत दिलं नाही. तिनं ते देवघराशेजारी, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय, आणि मी माझ्यासाठी दुसरी प्रत काढून घेतली.