पातेले कुणाकडे राहिले?

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावी देवळामागे एक तळे आहे. लग्नकार्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालावे, किती भांडी हवीत ते सांगावे आणि पहाटे ती काठावर मांडलेली मिळावीत, अशी त्याची ख्याती होती. कोकणात अशी तळी अनेक गावांत सांगतात आणि त्यांच्या गोष्टीचा शेवटही बहुधा एकच असतो: कुणीतरी एक भांडे परत करत नाही. “एक भांडां परत दिल्यांनी नाय, मगे तळां रुसलां,” असे आजी म्हणे, आणि ते लोभी घर वरच्या वाडीतले होते हे न चुकता जोडी.

आमच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या भांड्यावर पणजोबांचे नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेले आहे. माळ्यावरचे एक पितळी पातेले तेवढे त्याला अपवाद आहे. त्याच्या काठाखाली, जिथे नाव असायला हवे नेमके तिथे, बोटभर लांबीचा पट्टा कानशीने घासल्यासारखा गुळगुळीत लागतो. लहानपणी त्यावरून बोट फिरवताना मला काही वाटले नव्हते. पुढे कथा वाचण्याचा नाद लागल्यावर मात्र आजीच्या गोष्टीत तळ्यापेक्षा आजीच अधिक कुतूहलाची वाटू लागली.

‘अविश्वसनीय निवेदक’, म्हणजे ज्याचे सांगणे वाचकाने जसेच्या तसे मानू नये असा गोष्ट सांगणारा, ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने 1961 साली रूढ केली. आपल्याकडे तिचा अर्थ पुष्कळदा ‘खोटे बोलणारा किंवा भ्रमिष्ट निवेदक’ एवढाच घेतला जातो, आणि मग शेवटच्या परिच्छेदात ‘हे सगळे त्याच्या मनाचे खेळ होते’ असे उघड करणाऱ्या कथा लिहिल्या जातात. मला त्या फसवणुकीच्या वाटतात, कारण त्यांत जादूची वस्तूही हातची जाते आणि माणूसही. जादुई वास्तववादी कथेत, म्हणजे रोजच्या जगात जादू सहज घडते अशा कथेत, वस्तूवर विश्वास ठेवायचा असतो. शंका घ्यायची ती त्या वस्तूचा हिशेब मांडणाऱ्यावर.

अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांची 1945 सालची ‘आलेफ’ ही कथा याचा सर्वांत चोख नमुना आहे. (बोर्हेस यांना जादुई वास्तववादाच्या खात्यात टाकावे की नाही, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे, इथे तो बाजूला ठेवतो.) ब्यूनोस आयर्समधल्या एका घराच्या तळघरात, जिन्याच्या 19व्या पायरीपाशी, दोन-तीन सेंटीमीटर व्यासाचा एक गोल, म्हणजेच आलेफ, आहे आणि त्यात विश्वातले प्रत्येक ठिकाण एकाच वेळी दिसते. पायरीचा क्रमांक आणि गोलाचे माप निवेदक एखाद्या तलाठ्याने पंचनामा लिहावा तशा कोरडेपणाने देतो, आणि म्हणूनच आपण मान डोलावतो. पण हा निवेदक, ज्याचे नावही बोर्हेसच आहे, बेआत्रिस नावाच्या मृत स्त्रीवर झुरतो आहे. घर तिच्या चुलतभावाचे, दानेरी या कंटाळवाण्या कवीचे आहे. सगळे जग दाखवणारा तो गोल निवेदकाला बेआत्रिसने त्याच दानेरीला लिहिलेली अश्लील पत्रेही दाखवतो. वर आल्यावर तो सूड म्हणून आलेफविषयी चकार शब्द काढत नाही, उलट दानेरीला गावाकडची हवा खाण्याचा सल्ला देतो. शेवटी जोडलेल्या टिपणात दानेरीला राष्ट्रीय साहित्य पुरस्कारात दुसरे स्थान मिळते, निवेदकाच्या पुस्तकाला एकही मत पडत नाही, आणि त्याच टिपणात तो विद्वत्तेचा आव आणून सांगतो की तळघरातला आलेफ खोटा होता.

जादूबद्दल हा माणूस खरे बोलतो आणि मत्सराबद्दल लपवाछपवी करतो. वस्तू नसती तर ती लपवाछपवी आपल्याला दिसलीच नसती. बोर्हेस यांच्याच ‘झाहिर’ या कथेत तर 20 सेंटाव्होंचे साधे नाणे निवेदकाच्या मनाचा असा ताबा घेते की आपण अजून काही अंशी तरी बोर्हेस आहोत, असे त्याला आरंभीच नमूद करावे लागते.

तळ्याची गोष्ट मी दोनदा लिहून पाहिली. पहिल्या वेळी त्रयस्थपणे लिहिली, तेव्हा ती लोककथासंग्रहातली नोंद झाली. दुसऱ्या खर्ड्यात आजीच बोलते. पाण्यातून वर येणारी भांडी, त्यांच्या तळाला चिकटलेले शेवाळ, किती पराती आणि किती हंडे, हे सगळे ती जराही न अडखळता सांगते. वरच्या वाडीचा उल्लेख चार वेळा येतो. तो तीनवर आणावा की नाही, हे अजून ठरत नाही. घासलेल्या पट्ट्याबद्दल तिने एकदाच बोलावे, तेही कल्हईवाल्याची तक्रार करता करता, आणि लगेच पुढच्या भांड्याकडे वळावे.