दोरस म्हणजे दार

आयर्लंडमध्ये डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक, कुठेही राहणारं मराठी घर असो, मूल शाळेत जायला लागलं की हा प्रश्न येतोच: "शाळेत आयरिश सक्तीचं आहे. दर आठवड्याला शब्दांची यादी घरी येते, शुक्रवारी चाचणी असते. आम्हा दोघांनाही त्यातलं काही कळत नाही. अभ्यास घ्यायचा कसा?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला आयरिश येत नाही ही अडचण खरी. पण तुम्हाला मराठी येतं, आणि या कामात त्याचा फार मोठा उपयोग आहे. आयरिश शब्द आणि मूल यांच्या मध्ये बसलेली इंग्रजी तेवढी उठवायची.

आधी मूल शब्द का विसरतं ते बघू. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं नोंदवलं, पण शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे निघाले जेमतेम ७२ हजार. म्हणजे गेलटॅक्ट भागात, जिथे लोक रोजच्या व्यवहारात आयरिश बोलतात तिथे, राहत नसाल तर बसमध्ये, दुकानात, मैदानावर ही भाषा मुलाच्या कानावर पडतच नाही. सोमवारी वर्गात ऐकलेला शब्द मंगळवारच्या तासापर्यंत पुन्हा भेटत नाही. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. शब्द कानावरून पुरेसा गेलेलाच नसतो. घरी भरून काढायची आहे ती ही तूट.

त्यात यादी अशी असते: डावीकडे आयरिश, उजवीकडे इंग्रजी. मूल दोन्ही रकाने इंग्रजी वाचायच्या सवयीनेच वाचतं आणि उच्चार पहिल्याच दिवशी बिघडतो. शिवाय आयरिशची वाक्यरचना इंग्रजीतून समजावायला गेलं की उगाच अवघड होते. आपल्याला भूक लागते, इंग्रजीत माणूस 'भुकेला असतो'. आयरिशमध्ये म्हणतात 'तॉ ओक्रस ओरम', म्हणजे शब्दशः 'आहे भूक माझ्यावर'. 'माझ्याकडे मांजर आहे' हे 'तॉ कात अगम', 'आहे मांजर माझ्यापाशी'. इंग्रजीतल्या 'हॅव'सारखं वेगळं क्रियापद मराठीत नाही, तिथेही नाही. 'मला दूध आवडतं' हे 'इस माह ल्युम बान्या': दूध मला चांगलं वाटतं, अशी आपल्याच वळणाची रचना. 'हो' आणि 'नाही' यांना तिथे स्वतंत्र शब्दच नाहीत. आपण 'आहे का?' ला 'आहे' म्हणतो, तसं 'अन विल' ने सुरू झालेल्या प्रश्नाला 'तॉ' किंवा 'नील' असं उत्तर. हे मुलाला मराठीतून एकदा सांगितलं की पुरतं.

मराठीशी नातं सांगणारे शब्दही सापडतात, कारण दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. 'मे' म्हणजे मी, 'तू' म्हणजे तूच. 'दोरस' म्हणजे दार, 'नूआ' म्हणजे नवा, 'दो' म्हणजे दोन, 'त्री' म्हणजे तीन. पोहण्याला 'स्नॉव' म्हणतात आणि तो आपल्या 'स्नान'चा भाऊ आहे. पहिल्या आठवड्यात असेच शब्द घ्या, मुलाची भीड चेपते.

आता उच्चार. इथे मराठी कानाला जे ऐकू येतं ते इंग्रजी कानाला सहसा येत नाही. ए, ओ, यू या स्वरांशेजारचे आयरिश टी आणि डी दातांना जीभ लावून म्हणायचे, म्हणजे आपले त आणि द. ट आणि ड नव्हेत. तेच टी-डी ई किंवा आयच्या शेजारी आले की बऱ्याच भागांत च आणि ज कडे झुकतात. आयरिश र सुद्धा आपल्या र सारखा, जिभेच्या एका टिचकीचा. एस या अक्षराचं तर आपल्या घरातलंच उदाहरण देता येतं. म्हैस पण म्हशी, पैसा पण पैशाला: विशिष्ट स्वर जवळ आला की स चा श होतो. आयरिशमध्ये एसच्या शेजारी ई किंवा आय असेल तर श, ए-ओ-यू असतील तर स. दिवा 'सोलस', पण पाणी 'इश्का' आणि सात 'श्याख़्त'. दोन अपवाद सांगून ठेवा: 'इस माह ल्युम' मधला 'इस' स नेच म्हणतात, आणि शब्दाच्या सुरुवातीला एस-पी, एस-एम, एस-आर आलं तर पुढे कुठलाही स्वर असो, स च. म्हणून आकाशाला 'स्पेर'.

'श्याख़्त' मधला ख़ मात्र शिकवावा लागतो. तो आपला ख नाही आणि क तर नाहीच. क म्हणताना जीभ मागे जिथे टेकते तिथे ती टेकू न देता नुसती हवा घासून सोडायची. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना होतो तसा आवाज, फक्त जरा खरखरीत. तळ्याला मुलं 'लोक' म्हणतात तिथे 'लॉख़' हवं. हा एक आवाज आठवडाभर रोज दहा वेळा करून घेतला तर पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. धर्मचं धरम, जन्मचं जनम, असा मधे स्वर सरकवण्याला आपल्याकडे स्वरभक्ती म्हणतात. आयरिश व्याकरणातही हाच संस्कृत शब्द वापरतात, कारण गोष्ट तीच आहे. निळ्या रंगाच्या स्पेलिंगमध्ये आर आणि एमच्या मधे काही नसतं, पण म्हणायचं 'गोरम'. लाल 'ज्यारग', पोट 'बोलग'. आजीला धरम-करम म्हणताना ऐकलेल्या मुलाला हे पटकन कळतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शब्दाचं तोंड बदलतं तिथे. दप्तर 'मॉला', पण माझं दप्तर 'मो वॉला'. खुर्ची 'काहीर', पण खुर्चीवर 'एर अन गाहीर'. पालक म्हणतात, कालचाच शब्द आज वेगळा कसा? आपल्याकडे पाऊस आणि पावसात, घोडा आणि घोड्याला असं सामान्यरूप होतं ना, तसंच. आपण शेपूट बदलतो, आयरिश तोंड बदलते. याच्या मुख्य तऱ्हा दोन आहेत. एकीत पहिल्या अक्षरानंतर एच येऊन बसतो: बी आणि एमचा व होतो, पीचा फ, सीचा ख़, टी आणि एसचा ह, आणि एफ तर गायबच होतो. म्हणून खिडकी नुसती म्हटली तर 'फिन्योग', पण 'ती खिडकी' म्हणजे 'अन इन्योग'. दुसऱ्या तऱ्हेत शब्दाच्या सुरुवातीला एक नवं अक्षर येतं आणि उच्चार त्याचाच होतो: टेबल 'बोर्द', टेबलावर 'एर अन मोर्द'. लिहिताना एम आणि बी दोन्ही लिहायचे, वाचताना बी गिळायचा.

हे माहीत नसलं की शब्दकोशात शब्द सापडत नाही आणि माणूस यादीलाच चूक म्हणतो. शोधताना दुसरं अक्षर एच असेल तर ते काढा. सुरुवातीला एम-बी, जी-सी, एन-डी, बी-पी, डी-टी अशी जोडी दिसली तर तिच्यातलं पहिलं अक्षर काढा. उरेल तो मूळ शब्द.

उच्चार कुणाचा ऐकायचा? तुमचा नाही, माझाही नाही. टॅङलन या मोफत संकेतस्थळावर (टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन डॉट आयई) शब्द टाकला की मन्स्टर, कॉनख़्त आणि अल्स्टर या तिन्ही बोलींतला माणसाच्या आवाजातला उच्चार मिळतो. मुलाच्या बाईंची बोली कोणती ते एकदा विचारून घ्या आणि नेहमी तीच ऐकवा. 'कसा आहेस?' हे तिन्हीकडे वेगळं आहे: मन्स्टरला 'कनस तॉ तू', कॉनख़्तला 'के ख़ी विल तू', अल्स्टरला 'गोजे मार तॉ तू'. तिन्ही बरोबरच, पण सात वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच पुरे.

आता प्रत्यक्ष काम. आठवड्याला आठ शब्द, जास्त नाहीत. यादी बाराची असेल तर जे चार आधीच येतात ते बाजूला काढा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे जाड कागद कापा. पुढे चित्र, मुलाने स्वतः काढलेलं, वेडंवाकडं चालेल. मागे आयरिश शब्द आणि खाली त्याचं एक छोटं वाक्य. कोपऱ्यात पेन्सिलीने देवनागरीत उच्चार, फक्त तुमच्यासाठी. शब्द मुलाच्या तोंडात बसला की तो खोडायचा, नाहीतर मूल देवनागरीच वाचत राहतं आणि स्पेलिंगकडे बघत नाही. इंग्रजी अर्थ कार्डावर कुठेही नको. शब्द लिहिताना आधी 'अन' लावून लिहा, 'अन दोरस', 'अन इन्योग', म्हणजे पुढे बऱ्याच शब्दांचं लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

आइस्क्रीमचे तीन रिकामे डबे घ्या. पहिला रोजचा, दुसरा बुधवार-शनिवारचा, तिसरा रविवारचा. नवं कार्ड पहिल्यात. लागोपाठ दोन दिवस न अडखळता आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. रागवायचं नाही, कार्ड फक्त घर बदलतं. सोमवारी चार नवे शब्द, मंगळवारी चार, बुधवारनंतर नवं काही नाही. रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून. अकरावं मिनिट घेऊ नका.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऐकून बोट ठेवायचं, मग चित्र बघून म्हणायचं, लिहायचं शेवटी, गुरुवारी. बहुतेक घरांत सोमवारीच वही उघडून दहा-दहा वेळा लिहून घेतात. हात लिहितो, कान कोराच राहतो, आणि शनिवारपर्यंत सगळं पुसलं जातं. लिहिताना शब्द झाकून लिहायचा आणि चुकलेलं तेवढंच अक्षर सुधारायचं. स्वरावरची तिरकी रेघ, फादा, लाल पेन्सिलीने द्यायची. ती नक्षी नाही. रेघेशिवाय 'फॅर' म्हणजे माणूस, रेघेसकट 'फेर' म्हणजे गवत. दिन आणि दीन यांत जेवढा फरक, तेवढाच.

भिंतीवर, फ्रिजवर चिठ्ठ्या लावायची टूम अनेकजण करतात. चाळीस चिठ्ठ्या लावल्या की चौथ्या दिवशी त्या कुणालाच दिसेनाशा होतात. पाचच लावा, रविवारी बदला, आणि नुसतं नाव न लिहिता काहीतरी करायला सांगणारं वाक्य लिहा. दारावर 'दून अन दोरस', दार लाव. बेसिनपाशी 'नी दो लॉवा', हात धू. आपल्या घरात चपला-बूट दाराशीच काढतात, तेव्हा बुटांच्या कपाटावर 'बान जीत दो व्रोगा', बूट काढ. हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा आपोआप येतं, तेही खऱ्या गरजेने. चाचणीत 'व्रोगा' लिहायची वेळ आली की मुलाच्या डोळ्यांसमोर दाराशी पडलेले ओले बूट असतात.

आकड्यांसाठी एक सोय आपल्याकडे आयती आहे. आयरिशमध्ये माणसं मोजायला वेगळे शब्द वापरतात: 'बेर्च', 'त्रूर', 'क्याहरर'. इंग्रजीतून शिकवताना यासाठी नियम सांगावा लागतो. आपण सांगायचं: दोघं, तिघं, चौघं. वस्तू मोजताना मात्र नाम एकवचनीच ठेवायचं, आणि दोन ते सहापर्यंत तोंडाला एच, सात ते दहापर्यंत सुरुवातीला नवं अक्षर: तीन मांजरं 'त्री ख़ात', सात मांजरं 'श्याख़्त गात'. आपल्या तोंडी अनेकवचन बसलेलं असल्याने मराठी मूल इथे हटकून चुकतं. जिना चढता-उतरता पायऱ्यांवर मांजरं मोजायला लावा, नियम न सांगता बसतो.

संध्याकाळी कूला फोर या वाहिनीवर मुलांचे कार्यक्रम आयरिशमध्ये असतात. जे कार्टून मुलाने इंग्रजीत आधी पाहिलंय तेच आयरिशमध्ये लावा, गोष्ट माहीत असली की कान शब्दांकडे जातो. पंधरा मिनिटं पुरेत.

जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत नवं काही घेऊ नका. पहिले दोन डबे बंद ठेवून फक्त रविवारचा उघडा. पुण्याला किंवा नाशिकला जाणार असाल तर त्यातली वीस कार्डं रबर लावून बॅगेत टाका. तिथे आजोबांना 'बान जीत दो व्रोगा' शिकवायचं काम मुलाकडे द्या.