तुम्ही विचारलंत म्हणून: मी कुणाच्या बाजूचा?

गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळची तिसरी-चौथी फेरी चालू असते. मागून कुणीतरी येतं, पावलाला पाऊल जुळवतं आणि विचारतं, "काय मग, तुमचे रशियन काय म्हणतायत?" लग्नाच्या पंगतीत हेच, बँकेत हेच. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढलीत, आता या रशिया-युक्रेन युद्धात तुम्ही कुणाच्या बाजूचे? आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते लिहून टाकतो.

ओझरचं 'मिग' म्हणजे रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांचा कारखाना, हे नाशिककरांना सांगायला नको. मी १९७९ला लागलो, २०१४ला बाहेर पडलो. मिग-२७ वर हात काळे केले, शेवटची दहा-बारा वर्षं सुखोईत गेली. डिसेंबर २०००मध्ये १४० सुखोई इथे बांधायचा करार झाला. त्याचं काम शिकायला जी माणसं रशियात, इर्कुत्स्कच्या कारखान्यात गेली, त्यांत मी होतो. आठ महिने. तिथे एकदा माझी टोपी पातळ आहे म्हणून एका अनोळखी बाईने मला भर बसमध्ये झापलं आणि स्वतःची शाल माझ्या कानांना गुंडाळली. स्टॉप आला तेव्हा शाल न घेताच उतरली. ती शाल अजून घरात आहे. मला ती माणसं आवडायची. आवडतात. यात लपवण्यासारखं काय आहे?

लपवण्यासारखं आहे ते वेगळंच.

आमच्या कारखान्यात सोव्हिएत काळात जे कुणी तिकडून यायचे, ते सगळे आमच्या लेखी 'रशियन'. त्यातला एक झापोरोझ्येचा होता. चहा पिताना बोट वर करून सांगायचा, मी रशियन नाही, मी युक्रेनचा. आम्ही म्हणायचो, बरं बरं, एकच ते. रेल्वेत मला कुणी "आप गुजराती हो ना?" विचारलं तर मी इगतपुरीपासून कल्याणपर्यंत त्याला समजावत बसतो. पण त्या माणसाचं म्हणणं मी कधी कानावरही घेतलं नाही. त्याचा राग यायला हवा होता, पण तो हसायचा.

तर मूळ गोष्ट.

आमच्या वरच्या मजल्यावर निफाडकडचं एक द्राक्षवाल्यांचं कुटुंब राहतं. शेती गावी, बिऱ्हाड मुलांच्या शाळेसाठी इथे. थोरला डिसेंबर २०२१मध्ये युक्रेनमधल्या खार्कोव्हला एमबीबीएसला गेला. (तो आता खार्किव्ह म्हणतो. माझ्या जिभेवर खार्कोव्हच बसलंय.) १५ फेब्रुवारीला आपल्या दूतावासाने सांगितलं की विद्यार्थ्यांनी तात्पुरतं देशाबाहेर पडण्याचा विचार करावा. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचे वडील आमच्याकडे आले. बागेत काढणी चालू होती, बुटांची माती तशीच. तिकीट साठ हजारांच्या वर गेलेलं, कॉलेज हजेरी सोडायला तयार नाही. म्हणाले, "काका, तुम्ही या लोकांना ओळखता. आणू का त्याला परत?"

मी काय बोललो ते शब्द न् शब्द आठवतं. "अरे, ते नुसता धाक दाखवतात. खार्कोव्हात सगळे रशियनच बोलतात. आपल्याच माणसांवर कोण बॉम्ब टाकेल? साठ हजार पाण्यात घालू नकोस."

त्यांनी चहा संपवला आणि निश्चिंत होऊन वर गेले.

२४ तारखेला पहाटे युद्ध सुरू झालं. खार्कोव्ह रशियाच्या सीमेपासून जेमतेम चाळीस किलोमीटर, म्हणजे इथून निफाड. विमानं बंद झाली. मी जिना चढून वर गेलो नाही. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी हिने ढकललं तेव्हा गेलो. त्यांनी दार उघडलं, "या काका" म्हणाले. एवढंच. एखादा शब्द उलटा बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. हे मी माझ्या सोयीचं बोलतोय, तेही कळतं.

१ मार्चला खार्कोव्हात आपला एक विद्यार्थी गेला. हावेरी जिल्ह्यातला मुलगा, खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला. २ तारखेला दुपारनंतर दूतावासाचा नवा निरोप आला: खार्कोव्ह ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्लुदोव्का गाठा. अकरा, बारा आणि सोळा किलोमीटर. वडील फोन घेऊन धावत खाली आले. "काका, ही गावं कोणती? कुठलं जवळ?"

मी नावं वाचली. 'बेझ' म्हणजे विना, 'ल्युदी' म्हणजे माणसं. त्या गावाच्या नावातच निर्मनुष्य आहे. मी त्यांना ते सांगितलं नाही. 'पेसोक' म्हणजे वाळू, एवढंच सांगितलं, जसं काही त्याने रस्ता सोपा होणार होता.

तेवढ्यात पोराचा फोन लागला. मागे गलका. "आजोबा, हॉस्टेलच्या बाई काहीतरी ओरडतायत, कळत नाहीये." म्हटलं, दे त्यांना.

बाईंचा आवाज घोगरा होता. भराभरा बोलत होत्या, अगदी स्वच्छ रशियनमध्ये. स्टेशनवर जाऊ नका, तिथे चेंगराचेंगरी आहे. पेसोचिनचा रस्ता धरा, बेझ्लुदोव्का लांब पडेल, सहाच्या आत अंधार होतो. स्वयंपाकघरातला पाव घेऊन जा. रस्त्याच्या कडेने, एकामागे एक. मी वाक्य ऐकायचो, मराठीत सांगायचो, पोरगा पुढे आपल्या मित्रांना हिंदीत ओरडून सांगायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि याची टोपी पातळ आहे. सांगा त्याला. या टोपीवर बाहेर जातो होय!"

मी सांगितलं.

मग त्यांचा आवाज जरा सैल झाला. "तुम्ही चांगलं बोलता. कुठे शिकलात?"

मी म्हणालो, "इर्कुत्स्कला."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग एकच शब्द आला: "पन्यात्ना." म्हणजे, समजलं. आणि फोन पोराच्या हातात.

मी गेली तीन-चार वर्षं त्या शब्दाचा सूर आठवून बघतो. राग होता का? नसावा. डॉक्टर रिपोर्ट वाचून "हं" म्हणतो, तसं काहीसं.

इथे रात्री साडेनऊ म्हणजे तिथले सहा. आम्ही दोघं त्यांच्या हॉलमध्ये बसलो होतो, टीव्ही आवाज बंद करून. त्यांची बायको देवासमोरून उठत नव्हती. पावणेदहाला मेसेज आला, "पोचलो". पाय सोललेले, पण पोचला. पुढे काही दिवस तिथेच अडकले, मग बसने पश्चिमेला, सीमा ओलांडून पोलंडला, आणि आपल्या सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी. त्याच महिन्यात वडिलांनी दरवर्षीसारखी द्राक्षांची पेटी आणून दिली. हिने ती सोसायटीत वाटून टाकली.

आता कट्ट्यावरचे मुद्दे. मला पाठ आहेत, निम्मे मीच शिकवलेत. १९७१ला सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी व्हेटो कुणी वापरला? सोव्हिएतने. पाकिस्तानला टी-८० रणगाडे कुणी विकले, तेही ३२०? युक्रेनने. खरं आहे. ते रणगाडे बनले कुठे? खार्कोव्हच्याच कारखान्यात. मग म्हणून काय, हॉस्टेलच्या त्या बाईंनी विकले? नाटो दारात येऊन बसलं तर काय करायचं, हेही मी म्हणायचो, अजून ते पूर्ण चूक वाटत नाही. पण ज्याच्या दारात रणगाडे आलेच, त्याला हे कसं सांगायचं, ते मला जमत नाही.

आणि व्हेटोचं बोलायचं तर त्या वेळी सोव्हिएतमध्ये युक्रेनही होताच की. तो झापोरोझ्येवाला असता तर बोट वर करून हेच म्हणाला असता.

ज्या दिवशी पोरगा पेसोचिनच्या रस्त्यावर होता, त्याच दिवशी युनोच्या आमसभेत मतदान झालं. रशियाच्या निषेधाच्या बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. त्या ३५ मध्ये आपण. यावर मला फार बोलायचं नाही. पोरं दोन्ही बाजूंच्या तोफांमधून बाहेर काढायची होती, आणि ओझरला उभ्या असलेल्या विमानांचे सुटे भाग कुठून येतात ते मला कट्ट्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. देशाचं त्याचं तो बघेल. मी १६ फेब्रुवारीच्या रात्री तटस्थ नव्हतो, एवढं मला माहीत आहे.

इर्कुत्स्कच्या एका जुन्या सहकाऱ्याशी अजून बोलणं आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथे एक सुखोई-३० घरावर कोसळलं तेव्हा मी घाईने विचारलं, तुम्ही बरे ना? दोघं वैमानिक गेले, पण तो बरा होता. त्यानंतर आम्ही हवामानावर बोललो. हल्ली हवामानावरच बोलतो. पापभीरू माणूस आहे. तो तिथे कुणाच्या बाजूचा, हे मी त्याला विचारलेलं नाही. तुम्ही मला विचारता तितक्या सहज मला ते विचारता येत नाही.

त्या आधी, त्याच सप्टेंबरात, तिकडून परतलेल्या पोरांना दुसऱ्या देशात शिक्षण पुढे चालू ठेवायची परवानगी मिळाली होती. वरचे वडील पुन्हा आले. हातात दोन कागद. "काका, एक रशियातलं कॉलेज आहे, एक जॉर्जियातलं. कुठे पाठवू?"

मी म्हटलं, मला विचारू नकोस बाबा. ते बसून राहिले. हिने चहा आणला. मग त्यांनीच ठरवलं, जॉर्जिया. रशिया नको.

ऑगस्ट २००८मध्ये जॉर्जियात कुणाचे रणगाडे शिरले होते, ते मला आठवत होतं. त्यांनी विचारलं नाही. मी साखर ढवळत राहिलो.