दोरा तुटेना म्हणून तारा

नाशिक रोडला आईचा ब्लाउज आणि फॉल-पिकोचा व्यवसाय आहे. शेवटचा टाका मारून गाठ दिली की आई मान जराशी तिरकी करते आणि दोरा दातांनी कट्कन तोडते. मी मदतीला बसले की तोच दोरा माझ्या दातांतून नुसता सरकायचा. भिजायचा, चुरगळायचा, तुटायचा नाही. मला पोळी गोल जमत नाही, तसंच हेही जमत नाही, असं मी ३४ वर्षं धरून चालले होते.

खरी गोष्ट अशी की माझे समोरचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. दाढा घट्ट मिटल्या तरी पुढे फट राहायची. सँडविचचा घास घेतला की ब्रेड तुटायचा आणि आतली काकडीची चकती अख्खीच्या अख्खी ओढली जायची. पेरू मी कधी तसाच खाल्ला नाही, फोडी करूनच. ज्याला तोडायची गरज ते सगळं तोंडाच्या कोपऱ्यात नेऊन सुळ्या-दाढेने तोडायचं, त्यामुळे खाताना मान कायम वाकडी. सवयीचं झालं की माणसाला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही.

दाताच्या डॉक्टरकडे गेले ते भलत्याच कारणाने. उजवीकडच्या मागच्या दाढेत भरलेलं सिमेंट वर्षभरात दोनदा निघालं होतं. संध्याकाळी गाल जड व्हायचे, कानापुढे दुखायचं. एका ठिकाणी तर एक्स-रे न काढताच ‘सहा महिन्यांत स्माइल’ची ऑफर हातात ठेवली. माझ्या स्माइलची तक्रार कोणी केली होती? शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने एका ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात आणि चावा जागेवर आणणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एमडीएस याच विषयात केलेला डॉक्टर गाठायचा, एवढं मला तोवर कळलं होतं.

मॅडमनी आधी काही बोलण्याऐवजी निळ्या कार्बनसारखा पातळ कागद दातांमध्ये धरला आणि “चावा” म्हणाल्या. मग हातात आरसा दिला. निळे ठिपके फक्त शेवटच्या दोन-दोन दाढांवर. बाकी सगळे दात कोरे. “तोंडात अठ्ठावीस दात आहेत आणि कामावर आठच येतात,” त्या म्हणाल्या. सिमेंट का टिकत नव्हतं ते कळायला मला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. फट मोजली, साडेचार मिलिमीटर. याला ओपन बाइट म्हणतात.

कारण बहुधा जुनंच. मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत अंगठा चोखायचे. आजीने कडुनिंबाचा पाला वाटून लावून पाहिला होता. अंगठा सुटला, पण त्याने केलेल्या फटीत जिभेने घर केलं. एरवी शांत बसलेली असतानाही माझी जीभ दातांच्या मध्ये येऊन टेकलेली असायची. मॅडमचं म्हणणं, गिळताना जिभेचा बसणारा जोरदार धक्का दातांना फारसा हलवत नाही, क्षणभराचा असतो. हलवतो तो तासन्तास राहणारा हलका दाब. तारांचं तंत्रही तेच आहे म्हणे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, मध्ये तंतूंचा अगदी पातळ थर असतो. हळू दाब देत राहिलं की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागे नवीन तयार होतं, आणि दात महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर सरकतो.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, “अगं, लग्न होऊन दहा वर्षं झाली, आता तारा कुणाला दाखवायच्यात?” तारा म्हणजे सुंदर दिसण्यासाठी आणि तेही लग्नाआधी, हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की जेवता येत नाही म्हणून तारा बसवतेय असं सांगितल्यावर लोक हसायचे.

मला वाटत होतं, समोरचे दात खेचून एकत्र आणतील. मॅडमनी उलटंच सांगितलं. समोर फट दिसते, पण दोष मागे आहे: वरच्या दाढा गरजेपेक्षा जास्त खाली उतरल्यात आणि तोंड पाचर मारल्यासारखं उघडं राहतंय. दाराच्या बिजागरीपाशी लाकडाची चिप अडकली तर दार बाहेरच्या टोकाला किती उघडं राहतं? तसं. दाढ एक मिलिमीटर वर ढकलली की पुढची फट साधारण दोन ते तीन मिलिमीटर मिटते, कारण जबड्याचा सांधा कानापाशी आहे आणि खालचा जबडा त्याभोवती फिरतो. फट याहून मोठी असती, जबड्याच्या हाडाचाच घाट तसा असता, तर ऑपरेशनचा विचार करावा लागला असता.

दाढ वर ढकलायला टेकू हवा. त्यासाठी हिरडीतून हाडात टायटॅनियमचे बारके स्क्रू बसवतात, आठेक मिलिमीटर लांबीचे. हे ऐकून नवऱ्याने शेजारी बसल्या बसल्या घाम पुसला. मला मात्र भूल दिल्यावर फक्त दाब जाणवला, पाच मिनिटांत एक बाजू. तीन आठवड्यांत डावीकडचा एक हलायला लागला. तो काढून जरा पुढे दुसरा घातला. असं होतं म्हणे, त्यात कुणाची चूक नसते.

खरा वैताग दिला तो टाळूवरच्या आडव्या तारेने. दाढा बाहेर झुकू नयेत म्हणून ती दोन्हीकडच्या दाढांना बांधलेली, टाळूपासून थोडी सुटी. तिच्या आणि टाळूच्या मध्ये मेथीचं पान अडकलं की ते काढेपर्यंत जेवण थंड. जिभेवर तिचा वळ उठायचा. रोज सकाळी आरशात बघायचे, अगदी पोळीवर चिमट्याचा उठतो तसा.

तारा आवळून आलं की पहिले दोन-तीन दिवस वाईट. वरण-भात, खिमट, दुधात कुस्करलेली भाकरी. गालाला आतून घासून तोंड यायचं, मग ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यावर, मेणाची गोळी चिकटवायची. ब्रॅकेटला तार बांधायच्या रिंगा पांढऱ्या रबराच्या घेऊ नका असं मॅडम म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. आपल्या स्वयंपाकातल्या हळदीने त्या आठवड्यात पिवळ्या धमक झाल्या. पुढच्या वेळी मुकाट्याने करड्या घेतल्या. दिवाळीच्या चिवड्यातल्या शेंगदाण्याने एक ब्रॅकेट उडवलं. त्याबद्दल बोलणी खाल्ली.

आणि जीभ. रोज वीस मिनिटं तिला शाळा. ‘ल’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे तिचं टोक ठेवायचं, टोकावर एक छोटं रबर धरायचं, दाढा मिटायच्या आणि ओठ न आवळता गिळायचं. ऐकायला सोपं. पहिला महिनाभर रबर दर वेळी पोटात नाही तर मांडीवर. माझ्या सात वर्षांच्या मुलीने हे बघून स्पर्धा लावली आणि ती जिंकत राहिली. तिलाही मॅडमना दाखवून आणलं, कारण झोपेत तिचा अंगठा तोंडात असतो. मॅडमनी सांगितलं, मोठे दात येण्याच्या सुमारास सवय सुटली तर अशी फट बऱ्याचदा आपोआप मिटते. म्हणून सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवलेलं बरं.

फरक आरशात दिसायच्या आधी खाण्यात कळला. स्क्रू लागून पाचवा महिना असेल. ब्रॅकेट सांभाळायचं म्हणून मटकीची उसळसुद्धा मऊ शिजवून खात होते. एक दाणा डावीकडे, दाढांच्या पुढच्या दोन लहान दातांमध्ये आला आणि फुटला. तिथे याआधी कधी काहीच फुटलं नव्हतं. मी पुन्हा एक दाणा नेऊन तिथेच ठेवला. मग आणखी एक. नवरा म्हणाला, “काय गं, खडा लागला का?”

पुढे निळ्या कागदाचे ठिपके दर भेटीला एकेक दात पुढे सरकत गेले. शेवटच्या काही महिन्यांत वरच्या-खालच्या दातांना जोडणारे रबर होते, दिवसाचे बावीस तास. जांभई दिली की एखादं सुटून टपकन नाकावर. एकूण २६ महिने लागले. दाढा दोन मिलिमीटरही वर गेल्या नाहीत, फट मात्र मिटली. तारा काढल्या त्या दिवशी दात इतके गुळगुळीत लागत होते की जीभ पुन्हा तिथेच फिरत होती, म्हणजे शिकवणीच्या अगदी उलट.

एक गोष्ट सुटली नाही: मोठा आ केला की उजव्या सांध्यात अजून ‘कट्’ होतं. ते जाईल असं मॅडमनी कधी म्हटलंच नव्हतं. सांध्यातली चकती जागची सरकून परत बसते त्याचा तो आवाज. दुखत नसेल तर त्याच्या मागे लागू नका आणि तो घालवायला म्हणून तारा बसवू नका, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जबड्याच्या आवाजावर तारांचं औषध विकणाऱ्यांपासून तेव्हा मी वाचले. संध्याकाळचं गालांचं जडपण मात्र गेलंय आणि दाढेतलं सिमेंट दोन वर्षं जागेवर आहे.

तारा निघून आता १४ महिने झाले. रात्री रिटेनर घालते, दात परत सरकू नयेत म्हणून. एकदा हॉटेलात टिशूत गुंडाळून ठेवला आणि वेटर ताटासकट घेऊन गेला. नवा होईपर्यंतच्या आठ दिवसांत वरचा एक दात किंचित उचलला गेला, तो तसाच आहे.

तारा काढल्यावर पहिल्याच रविवारी आईकडे गेले, सुई घेतली, गाठ मारली आणि दोरा समोरच्या दातांत धरला. तुटला. आईने कौतुकाने मान डोलावली. पुढच्या भेटीला ती माझ्यासोबत आली तेव्हा मॅडमनी तिचे दात पाहिले आणि मला बोलावून दाखवलं: वरच्या पुढच्या दाताच्या कडेला बारीक खाच. चाळीस वर्षांच्या दोऱ्याची.

“दोघींनीही कात्री वापरा,” त्या म्हणाल्या. आता मशीनच्या खणात कात्री असते, गळ्यात अडकवायला नाडी बांधलेली. आई ती माझ्या गळ्यात घालते आणि स्वतःचा दोरा अजूनही दातांनीच तोडते.